दिसायला सारखे

आठ दिवस धाकट्या बहिणीकडे राहून स्क्रूमावशी घरी आल्या, चपला काढल्या, मधल्या दारातून दुकानात शिरल्या आणि सवयीने उजवा हात पुढे केला, तर हाताला कपाट लागलंच नाही. गुळगुळीत, थंड प्लास्टिक लागलं.

"सरप्राइज!" मुलगा म्हणाला.

"आई, कसं वाटतंय?" सूनबाई म्हणाली. "चार दिवस सुट्टी काढली आम्ही दोघांनी. कंबरडं मोडलं अगदी."

मावशींनी हात डावीकडे नेला. प्लास्टिक. वर नेला. प्लास्टिक. वाकून खाली चाचपलं, तिथेही तेच.

"माझं कपाट कुठंय?"

"ते जुनाट धूड होय? भंगारवाल्याला दिलं. आता बघ, एकसारखे डबे, सगळे पारदर्शक, आणि प्रत्येकावर एवढाल्या अक्षरांत नाव! तुझ्या डोळ्यांना ताण नको म्हणून." मुलाच्या आवाजात असा आनंद होता की मावशींना काही बोलवेना. त्या "बरं" म्हणाल्या आणि आत जाऊन पाटावर बसल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण चार दिवस राबलेल्या माणसांवर ओरडायचं तरी कसं, हाही प्रश्नच होता.

आता हे कपाट काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही म्हणाल, म्हातारी उगाच कांगावा करते.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिळे, स्क्रू, नट, बोल्ट, वॉशर, बिजागऱ्या, कड्या. नवरा गेल्यापासून एकतीस वर्षं मावशी एकटीने ते चालवत होत्या. गल्लीतल्या सुतारांनी, फिटरांनीच त्यांना स्क्रूमावशी हे नाव दिलं होतं आणि मावशींना ते खऱ्या नावापेक्षा जास्त आवडायचं. कपाटाला चौसष्ट खण होते. पाच वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली, तेव्हा मावशींनी रडारड केली नाही. एक महिना दुपारची झोप सोडली आणि प्रत्येक खणाच्या मुठीला तारेने त्या खणातला एकेक नमुना बांधला. मुठीला हात लागला की आत काय आहे ते बोटांना कळायचं. खण उघडायचीसुद्धा गरज नाही. शिवाय इंचाच्या मापाचा जुना माल सगळा डाव्या हाताला आणि मिलिमीटरचा नवा माल सगळा उजव्या हाताला. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. "एका घरात राहा, पण चुली वेगळ्या," असं त्या म्हणायच्या.

ते चौसष्ट नमुने सूनबाईने पक्कड घेऊन एकेक करून तोडले होते. तिला वाटलं, कुणीतरी कधीतरी लटकवलेलं जंजाळ आहे.

डोळ्यांचं म्हणाल, तर मावशी आंधळ्या नव्हत्या, आणि तीच सगळी पंचाईत होती. आंधळ्या माणसाला लोक निदान आंधळा तरी म्हणतात. मावशींच्या नजरेत मधोमध एक राखाडी डाग होता. ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच नाहीसं व्हायचं. समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं की त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, तोंड गायब. कडेकडेनं मात्र चांगलं दिसायचं. कोपऱ्यात पडलेला वॉशर दिसायचा, दारातून जाणारं मांजर दिसायचं. त्यामुळे माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानापलीकडे बघायचं, अशी त्यांनी युक्ती काढली होती. नवं गिऱ्हाईक हमखास मागे वळून बघायचं की आपल्या पाठीशी कोण उभं आहे. आणि शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, "अहो, सगळं दिसतं त्यांना. परवा माझ्या साडीवरचा डाग सांगितला. चेहरा तेवढा दिसत नाही म्हणे! सोंगं नुसती." आता या बायकांना काय सांगणार, कपाळ?

डॉक्टरीणबाई तरी काय कमी होत्या! महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. डोळा मावशींचा, सुई मावशींना टोचायची, आणि बाई बोलायच्या सुनेशी. "आजींना वर बघायला सांगा. आजींना रात्री झोप लागते का?" एकदा मावशी म्हणाल्याच, "आजींचे डोळे बिघडलेत, कान शाबूत आहेत. आजींना विचारा." बाई हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "स्वभाव छान आहे हो आजींचा."

या वेळी दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, म्हणून विश्रांतीसाठी त्या बहिणीकडे गेल्या होत्या. मोतीबिंदू निघाल्यावर उजेड वाढला, रंग उजळले, पण डाग होता तिथेच होता. डाग डोळ्याच्या पार आतल्या पडद्यावर आहे, तो चष्म्याने जायचा नाही आणि अक्षर केवढंही मोठं केलं तरी मी बघेन तिथे तो आडवा येणारच, हे मावशींनी मुलाला एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या डोक्यात एकच हिशेब पक्का होता: दिसत नाही ना, मग मोठं लिहा.

डबे नुसतेच डबे असते तरी मावशींनी चार दिवसांत ते हाताखाली घातले असते. पण सूनबाई हुशार. तिने प्रत्येक डब्यातला माल दहा-दहा नगांची पाकिटं करून मशीनने बंद केला होता. प्लास्टिकच्या पाकिटावरून बोट फिरवलं तर काय कळणार? खडबडीत काहीतरी आहे, एवढंच. आणि वर मुलाने मोबाइलमध्ये एक बोलणारी बाई बसवून दिली. मोबाइल डब्यासमोर धरायचा, की बाई डब्यावरचं वाचून दाखवणार.

"महिनाभर आमच्या पद्धतीने करून बघ," मुलगा म्हणाला. "एकदम हात घालायचा नाही डब्यात. बाईला विचारायचं, पाकीट उचलायचं, द्यायचं. कबूल?"

मावशी कबूल झाल्या. का झाल्या, हे त्यांनाही नंतर कळेना. मोतीबिंदूच्या वेळी सुनेने फार केलं होतं, सारखी उठबस केली होती. त्या ओझ्याखाली माणूस नको तिथे मान डोलावतो.

बाईचं नि मावशींचं एक दिवसही पटलं नाही. बाई बिजागरीला "बिजा गरी" म्हणायची. डबा जरा तिरका धरला की "मजकूर सापडला नाही." पाच-सोळांशला "पाच भागिले सोळा." मावशी करवादायच्या, "अगं भवाने, त्याला अडीच सूत म्हणतात!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गल्लीतले सगळे जुने कारागीर त्याच मापात बोलायचे.

त्या आठवड्यात एक सुतार आठ एमएमचे नट मागायला आला. मावशींनी बाईला सगळ्या डब्यांवरून फिरवलं, पण आठ एमएम काही सापडेना. बहिणीकडे जाताना खण अर्धाअधिक भरलेला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी मुलाला ऑफिसात फोन लावला.

"असतील गं तिथेच. नीट बघ."

नीट बघ! मावशींनी फोन ठेवला आणि सुताराला दुसऱ्या दुकानात पाठवलं. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक, बोलायला फटकळ, पण कामाला चोख. कोपऱ्यावरच्या, रविवारी उघडणाऱ्या नव्या बागेत मुलांसाठी दोन झोके बसवायचं काम त्याला मिळालं होतं. "मावशी, अडीच सुती नट द्या. बोल्ट आहेत माझ्याकडे." मावशींनी बाईला विचारलं. बाई म्हणाली, पाच भागिले सोळा. मावशींनी दोन पाकिटं उचलून दिली.

आणि त्याच संध्याकाळी फिटर लंगडत दारात आला.

"हे काय दिलंत मला?" दारातूनच त्याने तोंड सोडलं. एकेक पाकीट एकेका झोक्याला लागलं होतं, प्रत्येकी आठ नट. झोका बसवला की आधी स्वतः त्यावर बसून बघायचं, ही त्याची पद्धत. पहिला झोका ठीक होता. दुसऱ्यावर बसला, दोन हेलकावे घेतले, आणि तिसऱ्याला एका बाजूची कडी सुटून साहेब थेट जमिनीवर. "माझं नव्वद किलोचं धूड होतं म्हणून नुसतं बूड शेकलं. एखादं पोर असतं तर? मावशी, तुम्हाला झेपत नसेल तर बंद करा ना दुकान! त्या झोक्याला दुसरीकडून आणले मी नट." त्याने काढलेले नट पाकिटात कोंबून आणले होते. ते त्याने काउंटरवर आपटले आणि तो गेला.

मुलगा तेवढ्यात ऑफिसातून आला होता. त्याने सगळं ऐकलं. तो ओरडला असता तरी चाललं असतं. पण तो मऊ आवाजात बोलला.

"आई, बस्स झालं आता. तू खूप केलंस. पण उद्या कुणाचं पोर पडलं तर आपण तोंड दाखवू शकू का?"

पोर पडलं असतं, हे खरंच होतं. डोळे गेले ते गेले, आता डोकंही गेलं की काय, अशी भीती मावशींना वाटली. त्यांनी कमरेची किल्ली काढून मुलाच्या हातात दिली.

मुलाने वेळ घालवला नाही. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण कधीपासून जागा मागत होता. त्याला रविवारी मापं घ्यायला बोलावलं. माल सगळा एका मोठ्या दुकानदाराला घाऊक देऊन टाकायचं ठरलं. सूनबाई म्हणाली, "आई, आता आराम करा. गाणी ऐका." दोन दिवस मावशींनी गाणीही ऐकली नाहीत आणि जेवणही नीट केलं नाही.

रविवारी सकाळी मुलगा आणि सून डबे खोक्यांत भरत होते. मावशी दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. काउंटरवर त्यांचा हात फिरत होता तो उगाचच, एकतीस वर्षांची खोड म्हणून. हाताला फिटरने आपटलेलं पाकीट लागलं.

"हे राहिलं," त्या म्हणाल्या.

"दे इकडे, टाकतो."

पण त्यांनी दिलं नाही. पाकीट फाटलेलं होतं. त्यांनी बोट आत घातलं, एक नट काढला, आणि अंगठ्याचं नख आतल्या आट्यांवरून, म्हणजे पिळाच्या खाचांवरून, फिरवलं. मग दुसरा काढला. मग पहिला पुन्हा.

"अरे!" त्या म्हणाल्या.

त्यांनी पाकीट काउंटरवर उपडं केलं. एकेक नट उचलायचा, नख फिरवायचं, डावीकडे ठेवायचा नाहीतर उजवीकडे. मिनिटाभरात दोन ढीग झाले. सहा इकडे, चार तिकडे. मावशींचा चेहरा लाल झाला होता.

"हे नट कुणी भरले पाकिटात?"

"मी," सूनबाई म्हणाली. "का?"

"आठ एमएमचा खण कुठे गेला?"

"आठ... अहो, ते दोन खण होते ना, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींत सारखेच नट होते. म्हटलं, एकच माल दोन ठिकाणी कशाला? एकत्र केले."

"एकच माल!" मावशी उभ्या राहिल्या. "हा अडीच सुती, हा आठ एमएम. एकाचे आटे जाड, एकाचे बारीक. एकाच्या बोल्टवर दुसरा चढवला तर दोन फेरे जातो, मग अडतो, आणि पान्याने ओढला तर आटे खातो. बघायला घट्ट बसलेला, आणि जोर आला की निसटला!"

मुलगा पुढे आला. त्याने दोन ढिगांतला एकेक नट उचलला, उजेडाला धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मोबाइलचा टॉर्च लावला. सूनबाईनेही मान घालून बघितलं.

"आई, दिसायला अगदी सारखेच आहेत हो," ती म्हणाली.

"दिसायला!" मावशी कडाडल्या. "चार डोळे आणि एक टॉर्च, तरी कळेना? आणि मी आंधळी म्हणून माझी किल्ली काढून घेतलीत! दोन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली. मला वाटलं, माझं डोकं फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!"

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा मात्र मुलगाच. तो म्हणाला, "पण दिलेस तर तूच ना, आई? तुला कळायला हवं होतं."

दुसरी कुणी असती तर या बोलण्यावर दाराबाहेर गेली असती. मावशी थांबल्या. फुगलेल्या नाकपुड्या शांत झाल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "ती चूक माझी. हात न लावता माल दिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दिला, आणि तुमचं ऐकून दिला. त्याची शिक्षा मला मिळायलाच हवी." आणि मग त्यांना एकदम आठवलं. "अरे देवा! तो पहिला झोका! त्याला हेच नट आहेत, दुसऱ्या पाकिटातले. आज बाग उघडणार ना?"

"तो तर ठीक आहे, फिटर बसला होता त्यावर."

"दोन हेलकावे बसला असेल! पोरं दिवसभर बसतात. फोन लाव त्याला. चल, ऊठ!"

"आई, मी जातो. तू घरी थांब. रस्ता, गर्दी..."

"तुला कळणार आहे का, कुठला नट कुठला?"

त्याने त्यांच्यासाठी दंड पुढे केला. मावशींनी तो धरला, पण चालत होत्या त्याच पुढे. फूटपाथची कड त्यांना कडेनं छान दिसत होती. सूनबाई मागून पळत आली.

बागेचं फाटक उघडलेलं होतं आणि त्या पहिल्या झोक्यावर एक मुलगी उभी राहून झोके घेत होती, दुसरी तिला मागून ढकलत होती. मावशींना झोका दिसला नाही, पण कड्यांची करकर ऐकू आली. त्या अशा ओरडल्या की दोन्ही मुली दचकून बाजूला झाल्या आणि त्यांची आई तरातरा भांडायला आली. "काय झालं हो तुम्हाला? पोरींवर खेकसायला लाज नाही वाटत?" सूनबाईने तिला बाजूला घेऊन समजावलं.

फिटर शिडी घेऊन आला तो कुरकुरतच. रविवार होता आणि बूड अजून दुखत होतं. "मावशी, मी स्वतः बसून बघितलाय हो हा."

"चढ वर. एकेक नट काढ आणि माझ्या हातात दे."

पहिला नट. मावशींनी नख फिरवलं. "ठीक." दुसरा. "ठीक." तिसरा पान्याला येईना. फिटरने जोर लावला तेव्हा तो एकदम सैल होऊन गरगरला आणि सुटून आला. मावशींनी तो हातात घेतला आणि त्यांच्या तळव्याला काहीतरी टोचलं. नटाच्या आतून चांदीच्या तारेसारखा बारीक कीस निघाला होता. आटे पार खरवडले गेले होते. त्यांनी तो मुलापुढे धरला.

"हा दिसतोय का?"

मुलाने बघितला. झोक्याकडे बघितलं. बाजूला उभ्या असलेल्या त्या दोन मुलींकडे बघितलं. त्याने तो कीस मावशींच्या तळव्यावरून हळूच उचलला.

आठांतले तीन तसले निघाले. फिटर शिडीवरून खाली उतरला आणि म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला नको ते बोललो."

"बोललास ते बोललास. पण एक सांग, हे नट बोटाने फिरले होते का?"

फिटर पाना खिशात घालू लागला.

"नट आधी बोटाने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, पाना मागून. तुला हे कुणी शिकवलं होतं?"

"तुमच्याच मालकांनी," फिटर पुटपुटला.

"मग? घाई झाली होती साहेबांना. पानाच लावला थेट! म्हणजे मी हात लावला नाही आणि तूही लावला नाहीस. वा!" त्यांनी चांगले पाच नट त्याच्या हातात कोंबले. "हे लाव, बोटाने. बाकीचे तीन पाठवते, हात लावून. तोवर झोक्याला दोरी बांध, कुणी बसायचं नाही."

तिघं परत आली तेव्हा दुकानाच्या पायरीवर तो कव्हरवाला टेप घेऊन उभा होता. "दादा म्हणाले होते, मापं घ्यायला या..."

मावशींनी त्याच्या कानापलीकडे बघितलं. "बाळा, ही जागा रिकामी नाही. तुला चुकीचं सांगितलं कुणीतरी." त्याने मुलाकडे बघितलं. मुलाने मान खाली घातली. कव्हरवाला टेप गुंडाळून गेला.

आत आल्यावर मावशी आपल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मुलाने खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. सूनबाईचे डोळे भरून आले होते. "आई, मला खरंच वाटलं होतं, तुम्हाला सोपं जाईल. तुमचे ते नमुनेसुद्धा मी..."

"तू चांगल्या मनाने केलंस, मला ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या, पण त्यांचा राग काही उतरला नव्हता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. "चांगल्या मनाने केलंस म्हणून तर मला तोंड उघडता आलं नाही. वाईट मनाने केलं असतंस तर त्याच दिवशी तुझ्या झिंज्या धरून हजेरी घेतली असती."

सूनबाई रडता रडता हसली. मुलगा हसला नाही. तो खोक्यावर बसला होता आणि हातातला तो खरवडलेला नट फिरवत होता.

"आई, एक बोलू? रागावू नकोस."

"रागावलेलीच आहे. बोल."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाग वाढू शकतो. उद्या खरंच काहीच दिसेनासं झालं, कडेचंसुद्धा, तर? मला भीती वाटते गं. रात्रंदिवस वाटते. म्हणून तर हे सगळं केलं."

ही भीती मावशींनाही होती. त्यांची स्वतःची, रोजची. तिच्याबद्दल आजवर एकही माणूस त्यांच्याशी त्यांच्या समोर बोललं नव्हतं. सगळे बोलायचे ते मधल्या खोलीत, हळू आवाजात, दार लोटून.

"तर तेव्हा मला विचारायचं," त्या म्हणाल्या. आवाज चढला तो चढलाच. "डोळे माझे जातील, मी कुठे जाणार आहे? आई, काय करायचं, कसं करायचं, तुला काय हवं, असं मला विचारायचं! डॉक्टरीणबाईला नाही, बायकोला नाही, मोबाइलमधल्या त्या बाईला नाही. मी ठार आंधळी झाले तरी आधी मलाच विचारायचं. एवढं कळलं तरी पुष्कळ."

मुलगा उठला. त्याने खोक्यातला पहिला डबा काढला, त्याचं झाकण उघडलं, आतली पाकिटं कात्रीने एकेक करून फोडली आणि स्क्रू डब्यात मोकळे केले. मग तारेचं वेटोळं घेतलं, एक लांब तुकडा तोडला, डब्यातला एक स्क्रू निवडला. तार डब्याच्या कडीला लावणार एवढ्यात तो थांबला.

"आई," त्याने विचारलं, "नमुना डावीकडे बांधू की उजवीकडे?"